विरघळलेली गाठ

"काळजीचं काही सापडलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फ नोड. म्हणजे कुठल्यातरी इन्फेक्शनमुळे सुजलेली गाठ. आता बसतही चालली आहे."

हे ऐकायला आमचे कान किती आसुसले होते, काय सांगू! गणेश, माझा नवरा, खुर्चीतून अर्धा उठलाच. मी रिपोर्ट पर्समध्ये घातला. त्या दिवशी आम्ही तसेच घरी गेलो असतो, तर आज हे लिहायला मी बहुधा नसते.

मी तंजावूरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. राजवाड्याजवळच्या गल्लीत आम्ही तिघं राहतो: गणेश, मी आणि माझी सासू. सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आत्याच्या मुलाशी लग्न लावायची आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत रीतच आहे. त्यामुळे लग्नानंतरही ती माझी अत्याच (आत्याला आम्ही अत्या म्हणतो) राहिली आणि आमचं अगं-तुगं काही सुटलं नाही.

गाठ सापडली ती शाळेतल्या ओळखपत्रामुळे. त्याची पट्टी मानेला घासत होती म्हणून सरळ करायला गेले, तर गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं. सुपारीएवढं असेल. दाबून पाहिलं, दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, असं ठरवून मी नववीच्या वर्गात गेले. मुलांनी असा निष्कर्ष काढला असता तर मी त्यांना भोपळा दिला असता.

लिम्फ नोड म्हणजे काय, ते आधी सांगते. या लहान लहान गाठी अंगभर असतात आणि जंतूंशी लढतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते यांचंच. घसा बिघडला किंवा दात किडला की त्या गळ्यात सुजतात, दुखतात आणि बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत बसतात. तेव्हा गाठ हाताला लागली म्हणून लगेच हातपाय गाळू नका. मी मात्र आधी दुर्लक्ष केलं आणि मग एकदम हातपाय गाळले.

कारण माझी गाठ बसेना. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. पहाटे उशी ओली असायची. तंजावूरच्या उकाड्यात घामाचं कोणाला काय वाटणार! ब्लाउज सैल व्हायला लागले. स्टाफरूममधल्या बायका विचारू लागल्या, "मिस, काय डाएट करता, आम्हालाही सांगा." मी हसायचे, आणि हसता हसता हात गळ्याकडे जायचा. फळ्यावर एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्या हाताने गाठ चाचपायचे. एकदा वळून पाहिलं तर मागच्या बाकावरच्या दोघीजणी माझी नक्कल करत होत्या. ओरडायला हवं होतं, पण मी गळ्यावरचा हात खाली घेतला आणि फळा पुसायला लागले.

घरात त्या रोगाचं नाव कोणी घेईना. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, पण आम्ही वाघोबासुद्धा म्हणत नव्हतो. गणेश रात्री फोनवर काहीतरी वाचायचा आणि मी जवळ गेले की फोन पालथा ठेवायचा.

नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. गाठ होती तेवढीच राहिली. त्यांनी सर्जनकडे चिठ्ठी दिली आणि सुईची तपासणी करून घ्यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. मधल्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या.

पहिली अत्याची. गावाबाहेर मारियम्मन देवीचं देऊळ आहे. तिथल्या तळ्यात गूळ सोडायचा. पाण्यात गूळ विरघळतो तशी अंगातली गाठ विरघळते, असा इकडच्या लोकांचा विश्वास. गुळाला आमच्या घरात तमिळसारखं वेल्लमच म्हणतात.

"आवणीचा रविवार आहे. वेल्लम सोडून येऊं," अत्या म्हणाली. आवणी म्हणजे तमिळ पंचांगातला श्रावणाच्या सुमाराचा महिना.

"अत्या, गूळ पाण्यात विरघळतोच. मी वर्गात हेच शिकवते."

"मग बरं झालं मा. तुझ्या पोरांसही पटेल."

तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. गेलो. तिने ढेकूळ पाण्यात सोडलं आणि डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली की मागचे लोक कुरकुरायला लागले.

दुसरी गोष्ट, गणेशच्या मावसभावाची. त्याचं पापनाशमला औषधांचं दुकान आहे. भेटायला आला, गाठ पाहिली आणि म्हणाला, "मन्नी, ही सूज उतरायची गोळी घ्या. आमच्याकडे सगळे नेतात." मन्नी म्हणजे वहिनी. लहानशी पांढरी गोळी. मायेने दिली, मी रोज घ्यायला लागले.

गाठ उतरली! दोन-तीन दिवसांत सुपारीची वाटाण्याएवढी झाली. ताप गेला, उशी कोरडी राहिली, आणि भूक तर अशी लागायची की सांबार-भात मी स्वतःच तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. अत्या जेवताना माझ्या पानाकडे बघत बसायची आणि तिचे डोळे भरून यायचे. शेजारपाजारच्या बायकांना तिने अम्मनची करणी सांगितली. मला देवाचं एवढं वेड नाही, पण खोटं का बोलू, मीही तळ्याच्या दिशेने हात जोडले. त्या आठवड्यात मी जितकी आनंदात होते, तितकी कित्येक वर्षांत नव्हते. आज तो आठवडा आठवला की अंगावर काटा येतो.

सर्जनकडे गेलो ते ठरलं होतं म्हणून. त्यांनी उरलेल्या वाटाण्यात बारीक सुई घालून थोड्या पेशी काढल्या. याला एफएनएसी म्हणतात. रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. तो असा: काळजीचं काही नाही. आम्ही उठायला लागलो.

"एक विचारायचं राहिलं," डॉक्टर म्हणाले. "अँटिबायोटिकनंतर दुसरं काही औषध घेतलंत?"

"नाही," मी म्हणाले.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून अत्या मराठीत म्हणाली, "गोळीचं सांग मा."

"ती साधी सुजेची होती गं," मीही मराठीत म्हणाले. पर्समधला रिपोर्ट मी घट्ट धरला होता. मला तो हवा होता. त्यावर आता कोणी काही बोलू नये, एवढंच मला वाटत होतं.

अत्या उठून उभी राहिली. डॉक्टरांना तमिळमध्ये म्हणाली, "हिने रोज एक गोळी घेतली. गोळी घेतल्यावर गाठ उतरली. मी सगळ्यांना सांगत फिरले, अम्मनने उतरवली म्हणून. पण गोळीही होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गणेशने मावसभावाला फोन लावला आणि गोळीचं नाव विचारलं. ती स्टेरॉइडची होती.

डॉक्टरांचा आवाज बदलला. त्यांनी सावकाश समजावलं. स्टेरॉइडने साधी सूज उतरते, तशी काही वाईट गाठही काही दिवस बसते. रोग आतच असतो, पण सुईत सापडत नाही. "हा रिपोर्ट मी धरणार नाही," ते म्हणाले. "आणि ही गाठ या जागी आहे, ते मला आवडलेलं नाही. गोळी बंद. थांबू. परत आली तर सुई नाही, अख्खी गाठ काढून तपासू."

मग वाट पाहणं सुरू झालं. तसं वाट पाहणं वैऱ्यावरही येऊ नये. रोज सकाळी आंघोळीच्या आधी मी आरशासमोर उभी राहायचे. ती आली नाही तर बरं, पण न येता आत लपून बसली असेल तर? घरात बोलणं कमी झालं. मिक्सर बंद झाला की घर एकदम गप्प व्हायचं. अत्या शेजारणींकडे जाईनाशी झाली. मला वाटलं, तिला आपल्या फजितीची लाज वाटत असेल.

एका सकाळी उशी ओली होती. आरशात पाहायची गरजच पडली नाही. जुनी गाठ परत आली होती आणि बोटं खाली गेली तर काखेत तिची बहीण होती.

अख्खी गाठ काढली. याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्टमध्ये शब्द होता लिम्फोमा, म्हणजे याच लिम्फ नोडचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर हातात आलाय. उपचार आहे." गणेश हुंदके देऊन रडला. मला वाटलं ते एवढंच, की आता निदान या वाघाला नाव तरी आहे.

केमोचं फार सांगत नाही. केस गेले, चव गेली, लोखंड चघळल्यासारखं तोंड झालं. अत्या रसमचं पाणी वाटीत घेऊन बसायची आणि चमच्याने भरवायची. शेवटच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. "आत्ता तरी," असं डॉक्टर म्हणाले. त्या दोन शब्दांसकट जगायला मी शिकते आहे. हात अजूनही गळ्याकडे जातो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका. गळ्याच्या हाडावरची असेल, वाढत असेल, सोबत ताप, घाम, वजन उतरणं असेल, तर लवकर जा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर सगळं सांगा, अगदी मायेने मिळालेली गोळीसुद्धा.

या आवणीत अत्या आणि मी पुन्हा तळ्यावर गेलो. मधल्या काळात ती देवळात एकदाही आली नव्हती. मी विचारलं, "अत्या, लाज वाटत होती का गं? सगळ्यांना सांगून बसली होतीस म्हणून?"

"लाज कसली!" ती म्हणाली. "भय होतं. अम्मननं बरं केलं म्हणून हात जोडले, आणि परक्या माणसापुढं तिचं श्रेय काढून घेटलं. ती रागावली तर कोणास नेईल? तुलाच की. मग गाठ परत आली. मज वाटलं, मीच आणली."

इतके महिने ही बाई असं समजून मला रसम भरवत होती.

"मग सांगितलंस कशाला?" मी कसंबसं विचारलं.

"डॉक्टरांनी विचारलं नां," अत्या म्हणाली. "तू तर नाही म्हणालीस."

तिने वेल्लमचं ढेकूळ माझ्या हातात दिलं. गूळ पाण्यात कसा विरघळतो हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. मी ते पाण्यात सोडलं, तिचा हात धरला, आणि मागचे लोक कुरकुरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिले.