मेलेली सून

बार्शीहून सोलापूरला येताना एसटीत माझ्या शेजारी टीव्ही मालिकांचे एक दिग्दर्शक बसले होते. साधं तिकीट मागतानाही त्यांनी कंडक्टरकडे तीनदा मान वळवून रोखून पाहिलं.

"निर्माताही मीच," ते मला म्हणाले. "नटी फार नखरे करायला लागली, म्हणून काल मालिकेतली सूनच मारून टाकली."

पुढच्या बाकावरची म्हातारी गर्रकन वळली.

"तूच मारलंस व्हय रं तिला? लई गुणाची हुती की!" म्हणत ती हुंदके द्यायला लागली.

दिग्दर्शक गडबडले. "मावशी, रडू नका. सोमवारी जिवंत होतेय ती."

म्हातारीनं डोळे पुसून त्यांच्या हातावर शेंगाचटणी-भाकरी ठेवली. भरल्या तोंडानंच त्यांनी फोन लावला.

"लेखकाला सांग, सून वाचली. कशी, ते त्याचं त्यानं बघावं!"