घागरींची पट्टी
जुन्या पाकिटातून फोटोची बोटभर रुंद पट्टी खाली पडली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. दुष्काळाचं साल होतं, शिरूरच्या आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, म्हणून अमावस्येला मी गावात टँकर थांबायचा तिथं उत्तरेकडे कॅमेरा लावला आणि शटर दोन तास उघडं ठेवलं. पृथ्वी फिरते, त्यामुळं अशा फोटोत ताऱ्यांच्या गोल रेघा उमटतात आणि जे हलत नाही तेवढंच ठसठशीत येतं. माझ्या फोटोत वर ध्रुवतारा ठसठशीत आला आणि खाली बायांनी संध्याकाळीच नंबराला लावलेल्या घागरी, त्यात पहिली माझ्या आईची. टँकर दूध सोसायटीच्या चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला गेलता. त्याच चेअरमननं सोसायटीच्या कॅलेंडरला तो फोटो पसंत केला. “लई भारी हाय,” तो म्हणाला, “खालच्या घागरी तेवढ्या काप.” “कावून?” “वरीसभर भिंतीवर लोकांनी तेच बघायचं का?” मी कापल्या. घरोघरी नुसते तारे टांगले गेले, आणि आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, आमच्या पोरानं काढलाय. तिला ही पट्टी मी कधीच दाखवली नाही. चेअरमनला आजही शिव्या घालतो खरा, पण कात्री मी चालवली होती.