पितरांचं पान आणि बांधाची खांड

माझ्या आत्यावर अन्याय झाला तो गेल्या सर्वपित्री अमावास्येला, दुपारच्या भरतीला. पेणच्या खाडीकाठी तिच्या शेताला लागून असलेला मातीचा बांध फुटला आणि पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं.

हे सगळं मी आधी पत्रकात लिहिलं होतं. खाली गुन्हेगारही ठरवून टाकला होता : सरकार. पत्रकं छापली आणि फाल्गुनात सह्या गोळा करायला वडिलांच्या गावी गेलो. मी ठाण्यात वाढलेला. उधाण आलं की घरटी एक माणूस बांधावर, हे वडील जेवताना नेहमी सांगतात. पेणच्या रामवाडी स्थानकात एसटीतून उतरलो तो हाच गाव डोक्यात घेऊन.

आत्या विधवा, शेत एकटीनं करते. ती बांधावर बसली होती. शेत मिठानं पांढरं पडलेलं. खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, तशीच उघडी. पत्रक तिनं माझ्याकडून वाचून घेतलं.

"सरकारला कशाला घालतंस रं मधी? पयलं पानी हातभर भोकातनं येत व्हतं. चार मानसांनी चिखल नि पेंढा टाकला असता तरी थांबलं असतं. घराघरात बोंबलत फिरले मी."

"मग?"

"मंग काय! सगले कावल्याची वाट बघत व्हते."

मला खरं वाटेना. तसाच रोह्याला गेलो. नदीपलीकडे अष्टमीत चुलतभाऊ राहतो, कंपनीत शिफ्ट करतो. त्यानं चहा पाजला, न वाचता सही ठोकली. विचारलं, त्या दिवशी गावात होतास?

"व्हय, होतो ना. पितरांचं पान पत्र्यावर ठेवलेलं. कावळा शिवेना. उपाशीपोटी चिखलात कोण उतरेल?"

"आत्या हाका मारत होती."

"मला एकट्यालाच ऐकू आल्या काय? शेजारी तुझा बाप बसला होता. त्याला विचार जा."

विचारायची गरजच नव्हती. त्या संध्याकाळी वडील गावाहून ठाण्याला घरी येऊन म्हणाले होते, "कावळ्यानं फार वेळ लावला, पण शिवला एकदाचा." आम्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. ज्या पितरांनी बांध घातला त्यांना खीर पोचावी म्हणून त्यांचीच पोरं बांध वाहून जाऊ देत बसली होती.

उरलेली पत्रकं रोहा स्टेशनात कचऱ्यात टाकली. सरकारला सोडलेलं नाही, त्याचं बघतोच. पण घमेलं उचलायला कुणाची सही लागत नाही.

पावसाआधी खांड बुजली तर पाऊस मीठ धुऊन नेईल, आत्याला पुन्हा भात लावता येईल. नाहीतर शेत खाडीचं. तुमचं घर या खारपट्टीतलं असेल, तर वैशाखात ओहोटी बघून एक माणूस पाठवा. मी वडिलांना घेऊन येतोय. नाय जमत? मग यंदा पितरांना पानही वाढू नका.