पहिला लॉट नको

वजनकाटे हे त्यांचं आडनाव नव्हतं, ते आम्ही दुकानात पाडलेलं नाव. दर शनिवारी दुपारी ते यायचे, काचेच्या टेबलावर मांडलेल्या लॅपटॉपांतला सगळ्यात बारीक उचलायचे, डोळे मिटून दोन्ही तळहातांवर तोलायचे आणि होता तसा, कोपऱ्याला कोपरा जुळवून परत ठेवायचे. आमच्याकडे खोकी पोचवणाऱ्या माणसाला ते खरंच आडनाव वाटलं. त्यानं एकदा भर दुकानात "वजनकाटेसाहेब, जरा सरकता का" असं म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजनकाटे निमूट सरकले आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "त्यांच्या ओळखीचं कोणीतरी माझ्यासारखं दिसत असेल."

मी या काउंटरवर बारा वर्षं उभी आहे. मालक महिन्यातून एखाद-दोनदा उगवतात. बाकी वेळ पुढे मी आणि मागे दुरुस्तीवाला. दुरुस्तीवाला तोंडात स्क्रू धरून काम करतो, त्यामुळे त्याच्याशी गप्पा मारण्यात अर्थ नसतो. मी तशी फटकळ आहे, पण माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की मला कळतं, हे घेणार की नुसताच एसीचा वारा खायला आलंय. वजनकाट्यांच्या बाबतीत मात्र मी सपशेल आपटले. पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं, पुढच्या शनिवारी घेऊन जातील.

त्यांचा धंदा असा, की लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा. कंपन्यांच्या बैठका, कसल्याकसल्या चौकश्या, मुलाखती. कानाला हेडफोन आणि पायाखाली पेडल. पेडल एका बाजूनं दाबलं की आवाज थांबतो, दुसऱ्या बाजूनं दाबलं की मागे जातो. बोलणारा मध्येच गप्प झाला तर कंसात 'शांतता' असं लिहायचं. हे त्यांनी मला वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, कारण एका भेटीत चार वाक्यांच्या वर ते कधी गेले नाहीत. मी भरभर बोलायला लागले की त्यांचा उजवा पाय जागच्या जागी हलायचा. आधी मला वाटलं, बिचाऱ्यांचा पाय दुखत असेल. मग एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस मला मागे घेतोय.

घरी ते एकटेच. लग्न केलं नाही की झालं नाही, हे मी विचारलं नाही, आणि मी न विचारलेल्या गोष्टी फार थोड्या असतात. दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुना लॅपटॉप. "दिवसभर घरात माणसंच माणसं असतात," असं एकदा म्हणाले आणि आपल्या कानाकडे बोट दाखवलं. विनोद केला असावा. मला काही हसू आलं नाही. त्या माणसांपैकी एकालाही हे घरात आहेत याचा पत्ता नसणार.

जिवाभावाचं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण. बसनं अर्धा दिवस लागेल इतक्या लांब ती राहायची. यजमान गेल्यापासून तीही एकटी. तिच्या घराची वरची खोली रिकामी होती. तिथं तिनं टेबल टाकलं, दिवा लावून घेतला, पायाखाली घ्यायला पाट मांडला, आणि दर फोनला एकच धोशा: इकडे येऊन राहा, काम काय कुठूनही होतं. वजनकाट्यांची पाठ जायबंदी होती, मणक्याचं दुखणं. डॉक्टरनं वजन उचलायला बंदी केलेली. जुना लॅपटॉप विटेसारखा जड, बॅटरी मेलेली, तारेला बांधल्याशिवाय चालू होत नसे. इकडचं घर न सोडता महिन्यातले निम्मे दिवस तिकडे नि निम्मे इकडे करायचे, तर तो पाठीवर टाकून बस बदलत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी ताईला शब्द दिला होता, की अगदी हलका लॅपटॉप मिळाला की येतो. खोटं काही नव्हतं त्यात. वर्षभर मी त्यांना एकेक मॉडेल दाखवलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली. ते बरोबरच होते. त्यांतला एकही मीसुद्धा माझ्या पाठीवर वाहिला नसता.

मग नवीन मॉडेल आलं. किलोच्या आत वजन. खोकं उघडलं तेव्हा मला वाटलं, आत नुसतं झाकणच पाठवलंय. शनिवारी वजनकाटे आले, डोळे मिटून त्यांनी तो उचलला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मग एका हातात घेतला. मग काखेत धरून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. दुरुस्तीवाल्यानंसुद्धा मागून मान वर करून बघितलं. मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"पहिला लॉट आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पहिल्या लॉटमध्ये काहीबाही निघतं, बिजागरी सैल निघते, पडद्यावर डाग निघतो, हे मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. तेव्हा ते थांबतो म्हणाले, त्याला मी मान डोलावली. पुढे दुसरा लॉट आला. तेव्हा म्हणाले, दोन महिन्यांत भाव उतरेल. तेही खरंच. मग म्हणाले, याच्याच पुढचं मॉडेल येऊ घातलंय असं वाचलं. तेही खरं, पुढचं मॉडेल नेहमीच येऊ घातलेलं असतं. त्यांची सगळी कारणं खरी होती आणि त्याचाच मला संताप यायला लागला. थापा मारणाऱ्याला मी चांगलं सरळ करते. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

एका शनिवारी ते यायच्या आधीच एक बाई आत आल्या. उंच, ताठ, हातात काठी, पण काठीवर भार नाही, कोणाला ढोसायला घेतल्यासारखी. आवाज असा, की दुरुस्तीवाल्याच्या तोंडातला स्क्रू पडला.

"माझा भाऊ इथं येतो. बारीक आहे, चष्मा आहे, बोलत नाही."

मी म्हटलं, येतात. त्यांनी हाताचा पंजा कानामागे धरला. मी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. तो कुठला उचलून बघतो ते दाखव म्हणाल्या. मी दाखवला. त्यांनी तो एका हातानं उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्याशासाठी?"

मग खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत, म्हणजे अक्षरशः ओठांकडे बघत बोलत राहिल्या. कान दोन वर्षांपासून जात चाललेत. यंत्र लावलं तर नुसता कलकलाट होतो. समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसलं तर कळतं, फोनवर आता काही समजत नाही. "तो फोन करतो रोज. मी हो हो म्हणते. तो काय म्हणाला ते मला कळलेलंच नसतं बाई. आणि त्यालाही कळत असणार की मला कळत नाहीये. त्याचा तर धंदाच तो." असं म्हणून त्यांनी पर्स उघडली आणि पूर्ण भावानं, एक पैसा कमी करा न म्हणता, लॅपटॉप घेतला.

वजनकाटे आले तेव्हा त्या खोकं मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. ते उंबऱ्यावरच थांबले.

"हा घे," ताई म्हणाल्या. "याच्यावाचून अडलं होतं ना तुझं? आता आणखी काय अडलंय ते सांग."

ते काहीतरी म्हणाले. ताईंनी कानामागे हात धरला. ते पुन्हा तेच, तेवढ्याच हळू म्हणाले, आणि मान खाली, त्यामुळे ओठही दिसेनात. मला ऐकू आलं होतं. "भाव उतरला असता गं," असं म्हणत होते. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी सांगावं म्हणून. मी काही सांगितलं नाही, मला ते वाक्य मोठ्यानं म्हणायची लाज वाटली. त्या उठल्या, खोकं भावाच्या हातात दिलं, त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि चारच्या बसनं जायचंय म्हणून निघून गेल्या. ते खोकं धरून तसेच उभे राहिले. मग तेही गेले. त्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या एकाही लॅपटॉपला हात लावला नाही.

पुढच्या मंगळवारी ते आले. शनिवार सोडून त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. खोकं तसंच होतं, सील न फोडलेलं. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. न उघडलेला माल सात दिवसांत परत घेतला जाईल, अशी ती पाटी. माझ्याच अक्षरातली.

"ती पाटी जुनी आहे," मी म्हटलं. पाटी मागच्याच महिन्यात लावलेली होती, रंगाचा वाससुद्धा पुरता गेला नव्हता.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटलं, आता वाद घालतील, आणि घातला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते बोलायला लागले, खोक्याकडे बघत.

"इथं मी एकटा असतो. ते जमतं मला. रात्री हेडफोन काढले की घर एकदम गप्प होतं, पण तेव्हा मला माहीत असतं, की तिकडे ताई आहे, वरची खोली आहे, मनात आलं की जाता येईल. आता तिकडे गेलो आणि समोरासमोर बसूनही आमचं बोलणं झालं नाही, तर? मग मला जायला जागाच राहणार नाही. तेवढी एकच आहे. ती मी वापरलेली नाहीये अजून."

एवढं ते कधीच बोलले नव्हते. माझा मुलगा लांब, दुसऱ्या शहरात असतो. दर रविवारी 'ये ना गं इकडे' म्हणतो आणि दर रविवारी मी 'बघू' म्हणते. मला दुकान आहे, मला गुडघे आहेत. घरी गेल्यावर मी टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करते. वजनकाटे जे बोलले ते मला इतकं नीट कळलं, की त्यांचा राग आला.

मी ड्रॉवरमधून कटर काढला आणि खोक्याचं सील सरळ फाडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आता हा वापरलेला झाला," मी म्हटलं. "हा कोणी परत घेत नसतं. आणि ताईंसमोर मान वर करून बोला, त्यांना तोंड दिसू दे. बिघडलाच तर फोन करा."

त्यांनी फाटलेल्या सीलवरून बोट फिरवलं. मला वाटलं रडतील की काय. ते 'बरं' म्हणाले, खोकं काखेत घेतलं आणि गेले. दुरुस्तीवाला मागून म्हणाला, मालकांना कळलं तर तुमचं काही खरं नाही. मी म्हटलं, तू स्क्रू चघळ.

त्यानंतर ते आले नाहीत. हेच तर हवं होतं मला, असं मी पहिल्या शनिवारी स्वतःला बजावलं. दुसऱ्या शनिवारीही बजावलं. तिसऱ्या शनिवारी टेबलावरचे लॅपटॉप मीच कोपऱ्याला कोपरा जुळवून मांडले. लोक येत होते, भाव विचारत होते, काही घेतही होते, पण मी बोलताना कोणी पाय हलवत नव्हतं. माझं बोलणं कोणाला पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी बातम्या साठवायला लागले. त्या मॉडेलचा भाव खरंच उतरला होता. पुढचं मॉडेल लांबणीवर पडलं होतं. मालक सील फाडल्याबद्दल बोलले होते, पण बरंच कमी बोलले होते. शनिवार असा लांबलचक वार आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

आणि मग एका शनिवारी, त्यांच्या यायच्या सुमारास, फोन वाजला.

"चार्ज होताना खालून गरम होतो," ते म्हणाले. "चालतं का?"

होतोच गरम. सगळेच होतात. ज्या माणसानं वर्षभर लॅपटॉपांबद्दल वाचण्यापलीकडे काही केलं नाही, त्याला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्यांनी नुसताच फोन केला होता. माझ्यासाठी केला होता. मी खुर्ची ओढून बसले. कुठून सुरुवात करावी, भावापासून की मालकांपासून, असं मला झालं.

तेवढ्यात पलीकडून ताईंचा आवाज आला, आख्खं घर भरून टाकणारा; जिन्यावरून हे फोनवर दिसले असावेत. "कोण आहे रे?"

"कोणी नाही," ते म्हणाले.

"काय?"

"कोणी नाही गं!" त्यांनी ओरडून सांगितलं. त्यांचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मोकळा, खणखणीत, रोज ओरडून बोलणाऱ्या माणसाचा आवाज. "दुकानवाल्या बाई आहेत. आलोच मी खाली!"

ते 'कोणी नाही' मला लागलं. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी बरंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

"हं, बोला," ते मला म्हणाले, पुन्हा त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात.

"चालतं तेवढं," मी म्हटलं. "ताई वाट बघतायत, जा तुम्ही." आणि मीच आधी फोन ठेवला.