फार्गोचं नाक

लियाकत मिस्त्रीनं मनमाडच्या रेल्वे यार्डातून डिझेल इंजिन पळवून आणलं, ही बातमी नाशकातल्या द्वारका चौकामागच्या आमच्या गल्लीत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी चांदवडचा एक खडी मशीनवाला स्वतःच पावती घेऊन आला. त्याचं मशीन बंद पडलं होतं, इंजिन त्यानं लियाकतला रीतसर विकलं होतं. बातमी कुणी उठवली ते मला माहीत आहे. तिखटमीठ थोडं माझंही होतं.

हे शहात्तर सालचं. लियाकतकडे एक्कावन्न सालची फार्गो पिकअप होती. चांदवडचा कांदा नाशकात आणायचा, त्यावर घर. पण पेट्रोल महागल्यापासून गाडीच घराआधी जेवायला बसायची. म्हणून हे डिझेल इंजिन. लिंबाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून त्यानं ते आठवडाभर घासलं, पुसलं, शेवटी आत उतरवलं. हुस्नबानोभाभी दारातून म्हणाल्या, "घराचा पत्रा दोन वर्षं गळतोय, तो दिसत नाही. याला बघा, रोज आंघोळ."

इंजिन सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. पण जुन्यापेक्षा ते दीडपट जड. गाडीचं नाक खाली गेलं.

"नवी नवरी दिसते," मी म्हणालो. "मान काही वर करत नाही."

लियाकत हसला नाही. बदललेल्या इंजिनाची आरटीओत तपासणी व्हायची होती. पास झाली नाही तर फार्गो भंगारात आणि लियाकत दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर.

त्यानं पुढच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा घातला. आता पुढचं गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. फार्गोचा मागचा हौदा म्हणजे आमचा कट्टा. मी, भिकन शिंपी आणि पोस्टातले चिमाजी रोज संध्याकाळी तिथं बसायचो. लियाकतनं दाराखालच्या पट्टीवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पातळी बघितली, तेव्हाही बसलेलोच होतो. आम्हाला उतरा म्हणायची त्याला सवय नव्हती, उतरायची आम्हाला नव्हती. बाटलीतलं पाणी सरळ राहिलं. तो खूश.

तपासणीलाही आम्ही हौद्यात बसून गेलो. साहेब आले तसे तिघं आदबीनं खाली उतरलो. आमच्यामागे फार्गोनं हळूच मान टाकली.

साहेबांनी वाकून बघितलं. "आत्ता सरळ होती ना ही?"

भिकन चपलेचा अंगठा नीट करू लागला.

"सोमवारी आणा," साहेब म्हणाले. "तेव्हाही अशीच असली तर मी पुन्हा बघणार नाही."

परतताना लियाकतनं बसा म्हटलं नाही. आम्ही चालत आलो.

रविवारी त्यानं कमान खोलून आणखी दोन पाटे घातले. हौदा रिकामा होता, आम्ही लिंबाखाली उभे. सोमवारी गाडी पास झाली आणि पुढं दहा वर्षं कांदा ओढत राहिली.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा हौद्यात चढलो. मला राहवलं नाही. विचारलं, "लियाकतभाई, वीस वर्षं मिस्त्रीकाम करताय तुम्ही, वजनात चुकलात कसे?"

तो हात पुसत म्हणाला, "इंजिनाचं वजन मी केलं होतं, भाऊ. तुमचं करायचं राहिलं."