शेलूबाजारच्या गोदामातली होडी

शेलूबाजारला एका गोदामात शिडाची होडी विकायला आहे, असं मला एका जीपवाल्यानं सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नाही. हायवेवरच्या त्या गावात तूर विकायला येते, सोयाबीन येतं, जुने ट्रॅक्टर येतात. होडी कुठून येणार? पण घरी आल्यावर सहज ताईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"पाहून येऊ," ती म्हणाली.

माझी ही थोरली बहीण. कॉलेजात नागपूरला गेली, तिथे एनसीसीत तलावावर शिडाची होडी चालवायला शिकली, आणि मग तोच तिचा धंदा झाला. दूरच्या एका शहरात, मोठ्या तलावावरच्या क्लबात तिनं सारी उमर मुलांना होडी शिकवली. निवृत्त झाल्यावर मेडशीला परत आली. आमच्या मळ्यातलं घर तिला मोकळंच होतं. इतक्या वर्षांत मी तिला पाहिलं होतं ते दिवाळीत, लग्नकार्यात, पाहुणी म्हणून. तिचं काम कधी पाहिलं नव्हतं. गावाजवळच्या धरणाच्या काठी ती संध्याकाळी जाऊन उभी राहायची, एवढंच मला दिसायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यातली वांगी बाजारात उतरवली आणि तीच गाडी घेऊन गोदामावर गेलो. मालक चाळिशीतला, तोंडाचा गोड माणूस. हायवेला हॉटेल काढायचं, मागे तळं करायचं आणि त्यात ही होडी सोडायची, असा त्याचा बेत होता. तळं झालंच नाही. होडी पोत्यांच्या थप्प्यांमागे, ट्रकच्या जुन्या टायरांवर पालथी पडलेली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून शिडाची होडी पाहत होतो. पांढरं फायबरचं अंग, पुढे निमुळतं होत गेलेलं, कुठे कोपरा म्हणून नाही. भुशाच्या धुळीत ती एखाद्या मोठ्या जनावरासारखी झोपली होती. मला उगीच हळू बोलावंसं वाटलं.

"एकदम ओके माल हाय, ताई," मालक म्हणाला. "हे पाहा, रंग अजून ताजा हाय."

"रंगच ताजा हाय," ताई म्हणाली. "थोडं पाणी भेटन का?"

त्याला वाटलं तिला तहान लागली. त्यानं तांब्या आणला. ताईनं ते पाणी होडीच्या एका अंगावर ओतलं आणि वाकून, एक डोळा मिटून, ओल्या रंगाकडे पाहू लागली. मीही वाकलो. वरच्या ट्यूबलाइटची रेघ ओल्या अंगावर पडली होती. मागून ती सरळ यायची, आणि मध्ये एका जागी एकदम वाकडी व्हायची, थरथरल्यासारखी.

"दिसलं?" तिनं विचारलं.

"रेघ मोडली."

"रेघ नाई मोडली. खालचं अंग सपाट नाई."

मग तिनं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याची लाकडी मूठ होडीवर हळूहळू आपटत चालली. टक, टक, टक. डोकं कलतं, डोळे मिटलेले. आमचा डॉक्टर छातीवर नळी ठेवून जसा गप्प होतो, तशी ती गप्प झाली होती. बाहेर ट्रक जात होते, आणि आत फक्त टक, टक. त्या वाकड्या जागेवर आल्यावर आवाज बदलला. थप. थप. भिंतीचा पोपडा सुटल्यावर वाजतं तसं.

ताईनं डोळे उघडले. "शटर लावता येईन का? पूर्ण. अन् एखादा मोठा लाइट पाह्यजे."

मालकाला काही कळेना. "कायले हो, ताई? चांगला उजेड हाय ना."

"उजेड हाय म्हणूनच."

त्याच्याकडे लग्नात लावतात तसला हॅलोजन होता. ताईनं तो पालथ्या होडीखाली सरकवला, वायर टायरांमधून काढली. टायरांच्या फटी आम्ही रिकाम्या पोत्यांनी बुजवल्या. शटर खडखडत खाली आलं. भर दुपारी गोदामात काळोख झाला. सोयाबीनचा वास एकदम दाट झाला. "चालू कर," ताई म्हणाली, आणि मी बटण दाबलं.

होडी पेटली. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. ते पांढरं, जाड, दगडासारखं वाटणारं अंग आतून मधासारखं उजळलं. त्यात धागे दिसत होते, आडवेउभे विणलेले, सुती कापड दिव्यासमोर धरल्यावर दिसतं तसे. काचेचं कापड असतं ते, ताईनं सांगितलं, राळेत भिजवलेलं, थरावर थर. कोण्या माणसानं हातानं घातलेले ते थर आम्हाला काळोखात मोजता आले असते. आणि त्या उजेडात होडीला आजवर जे जे झालं होतं ते सगळं वर आलं होतं. इथे बारीक रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. तिथे लांब ओरखडा. आणि त्या थप वाजणाऱ्या जागेवर परातीएवढा काळा डाग, कडा धारदार, उजेड मुळीच आत न घेणारा.

"बाप रे," मालक म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "हे कवापासून हाय?"

"खोलून पाहू? तुमची होडी हाय, तुमी म्हणान तं."

त्यानं मान हलवली. ताईनं पटाशी लावली. रंगाखाली पुट्टी निघाली, गाड्यांना भरतात तसली. ती पापडासारखी तुटत गेली. तिच्या खाली काहीच नव्हतं, पुट्टी आत पडू नये म्हणून कोंबलेला सिमेंटच्या पोत्याचा एक तुकडा होता फक्त. तो ओढून काढल्याबरोबर भोकातून उजेडाचा झोत सरळ छपरावर गेला.

मालक पोत्यावर बसला. "मले तं नवीकोरी हाय म्हणून देली होती."

मला वाटलं, झालं, आता निघायचं. पण ती होडीच्या पुढच्या टोकाकडे, नाळेकडे गेली होती आणि तिथे नुसती उभी होती. मी जवळ गेलो. नाळेच्या खालच्या बाजूला, जिथे होडी काठावर लागते तिथे, उजेडात वर्तुळं दिसत होती. एकात एक, बाहेरून फिकी आणि आत थोडी गडद होत गेलेली, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी. कुठे एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला, ते नजरेला सापडत नव्हतं.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"इथं होडी जोरात आदळली होती. पार फुटली असन." तिनं मुठीनं टक टक केलं. आवाज बाकीच्या अंगासारखाच, स्वच्छ. "अन् कोणीतरी बसवली. एकेक थर घासून, एकेक थर मोठा करत."

"चांगलं काम हाय?"

ताईनं त्यावर तळवा ठेवला. बोटांतून लाल उजेड येत होता. "मले साऱ्या आयुष्यात जमलं नसतं असं काम. अन् पाह्य, वरून काईच दिसत नाई. दिव्याशिवाय कोणाले कळलंच नसतं."

ते करणारा माणूस कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, आम्हाला कधीच कळणार नव्हतं. समुद्राकाठी कुठेतरी तो गुडघ्यावर बसला असेल. आणि त्याचं काम शेलूबाजारच्या गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांमध्ये, माझ्या बहिणीच्या हाताखाली उजळलं होतं.

"नेत नाई मंग तुमी?" मालकानं मागून विचारलं.

"नेते," ताई म्हणाली. "भोक मी भरीन. ते बाजूले हाय, तिथं जोर कमी येते. जिथं जोर येते तिथं कोणीतरी आधीच करून ठेवलं."

भावावरून फार बोलणं झालंच नाही. मालकानंच होडी उचलायला माणसं बोलावली, कोपऱ्यातून तिची डोलकाठी आणि गुंडाळलेलं शीड काढून दिलं, आणि गाडीत ती बांधताना खाली गादी टाकली.

मळ्यातल्या पत्र्याखाली ताईनं काम काढलं. पहिल्या दिवशी तिनं ते भोक आणखी मोठं केलं. "इतकं कायले कापून राह्यली?" म्हटलं. ती म्हणाली, "चांगलं लागेपर्यंत." मग कडा लांबवर घासून पातळ केल्या, आतून आधार दिला आणि काचेचं कापड राळेत भिजवून थर घालायला घेतले. थोड्या वेळानं मला बोलावलं. "हात लाव."

ओला दिसणारा तो तुकडा गरम झाला होता. चूल नाही, ऊन नाही, आपल्या आपण. ताप चढलेल्या अंगासारखा.

"राळ घट्ट होऊन राह्यली," ती म्हणाली. आम्ही दोघं तो निवेपर्यंत तिथेच बसलो.

धरणात होडी सोडायची परवानगी काढायला चकरा झाल्या. अखेर एका सकाळी आम्ही ती पाण्यात ढकलली. पाणी आत आलं नाही. ताईनं शीड चढवलं, दोर ओढला, आणि जी होडी चार माणसांनी कशीबशी उचलली होती ती काडीसारखी निघाली. कसला आवाज नाही. नुसतं फायबरखालून पाणी सळसळत जाताना ऐकू येत होतं, माझ्या पायाच्या अगदी खाली. वारा समोरून होता. त्याच्याकडेच जायचं, तर हिला ढकलतं कोण? ताई तिरकी जायची, वळायची, पुन्हा तिरकी, आणि दरवेळी आपण वाऱ्याच्या आणखी थोडं आत घुसलेलो असायचो. तिनं मला समजावून सांगितलं. मला समजलंही. तरी ते खरं वाटेना.

पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. होडी जवळ आली तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहो बाई, इंजन कुठं हाय हिचं?"

ताईनं हातानं वर दाखवलं. बाईनं वर पाहिलं, शिडाकडे, मग त्याच्याही वर. कितीतरी वेळ ती पाहत राहिली. म्हशी पाण्यातून निघून चालू लागल्या तरी तिचं लक्ष नव्हतं.