दीडशे ग्रॅमचं खोटं

मागच्या मंगळवारी अकोल्यात मी एक खोटं बोललो. "दीडशे ग्रॅम"... बस, एवढंच.

मी मूर्तिजापूरचा. एक सीझन चिखलदऱ्याला हॉटेलात, मग परतवाड्यात मोबाईलच्या दुकानात... टिकलो कुठंच नाही. दोन महिन्यांपासून इथं सुभाषकाकांकडे गाड्यांचे एसी दुरुस्त करायला शिकतोय.

काकांचा नियम पक्का. लाइन खोलायच्या आधी आतला गॅस मशीनने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. बंद शेडमध्ये जीव गुदमरतो, हातावर उडाला तर कातडी जळते, हवेचं नुकसान होतं ते वेगळंच. आणि किती ग्रॅम निघाला ते काट्यावर पाहून सांगायचं. कमी निघाला तर कुठंतरी लीक, पूर्ण निघाला तर बिघाड दुसरा.

त्या दिवशी सकाळी अकोटचे गुलाबराव गाडी घेऊन आले. कूलिंग होत नव्हतं. लेकीची डिलिव्हरी अकोल्यात झालेली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी. चार दिवसांच्या नातीला अकोटला न्यायचं होतं, आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन... सांगायला नको.

मला गॅस काढायला सांगून काका दुसऱ्या एका गाडीचा पार्ट आणायला गेले. मशीनला अर्धा तास लागतो, आणि नेमका बाहेर एक पोट्टा जुनी टू-स्ट्रोक बाइक घेऊन उभा. जुन्या बाइक म्हणजे माझा जीव, मला राहवलं नाही. स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्हची पिन दाबली... फुस्स... सगळा गॅस हवेत, आणि मी बाइकजवळ.

काका आले. "किती निघाला बे?"

"दीडशे." त्या गाडीत साडेचारशे पाहिजे. मला वाटलं, काय फरक पडतो, नवा तर भरायचाच आहे.

काका लीक शोधायला लागले. लाइनमध्ये नायट्रोजन भरला, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं... एक बुडबुडा नाही. मग आतल्या कॉइलमध्ये असेल म्हणून अख्खा डॅशबोर्ड उतरवला. साठीचा माणूस, वर तापलेले पत्रे, आणि मी टॉर्च धरून उभा. तीनदा तोंड उघडलं, तीनदा "पाणी आणू का काका?" एवढंच निघालं.

गुलाबराव घडीघडी विचारायचे, "झालं का हो? पोरगी फोन करून राहिली."

चारच्या सुमाराला काका बाहेर आले, चष्मा पुसला. "पाह्य बरं तू. माह्या डोळ्यायले आता बुडबुडे दिसून नाही राह्यले वाटते. म्हतारा झालो गड्या."

तिथं मी फुटलो. सगळं सांगून टाकलं.

काका ओरडले नाहीत. "मंग खरा किती होता?"

"पाहिलाच नाही काका."

"म्हंजे आता कोणालेच मालूम नाही. जाय, त्यायले तूच सांग."

गुलाबरावांनी ऐकून घेतलं. "अबे, फटफटी पाहाले गेलता?" एवढंच म्हणाले. एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

बिघाड निघाला एका तुंबलेल्या छोट्या व्हॉल्व्हचा. खरा आकडा मिळाला असता तर काकांनी पहिलं तेच पाहिलं असतं. पण डॅशबोर्ड परत बसवण्यात दुसऱ्या दिवसाचीही दुपार झाली. तिकडे दवाखान्यातली खाट सोडावी लागली, आणि गुलाबरावांची लेक, ती ताई, बाळाला घेऊन आमच्याच शेडमध्ये येऊन बसली. टेबल फॅनसमोर, ग्रीस लागलेल्या खुर्चीवर.

मी पोतं ओलं करून दाराला बांधलं, दर दहा मिनिटांनी पाणी मारत राहिलो. बाळ लालबुंद झालं होतं, रडून रडून थकलं होतं.

गाडी थंड झाली, सगळे बसले. जाताना ताई काच खाली करून म्हणाली, "दादा, लय केलं तुमी आमच्यासाठी." तिला कोणी सांगितलंच नव्हतं... आणि मीही नुसती मान हलवली.

ताई, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर वाच. तुझ्या लेकराला त्या पत्र्याखाली बसवणारा मीच होतो.